कॅम्पसवर गाडी लावायला जागा नाही? आधी या चुका टाळा

नवे प्रवेश झाले की विद्यापीठात पार्किंगची बोंब सुरू होते. कुलसचिवांकडे निवेदनं जातात, समिती नेमली जाते आणि समितीची पहिली नजर पडते ती मोकळ्या मैदानावर. मुरूम टाका, पेव्हर ब्लॉक बसवा, काम झालं! दोन वर्षांत तेही भरतं आणि मैदान मात्र कायमचं जातं.

न मोजताच जागा वाढवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सत्राच्या मधला एखादा मंगळवार किंवा बुधवार निवडा. प्रवेशाचे आणि परीक्षेचे दिवस टाळा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६, दर तासाला प्रत्येक पार्किंगमध्ये किती गाड्या उभ्या आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत ते लिहा. नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडेही टिपा, म्हणजे कोणती गाडी दिवसभर हलत नाही आणि कोणती तासाभरात निघते ते कळतं. एनएसएसची मुलं हे काम उत्तम करतात.

बहुतेकदा मुख्य इमारतीसमोर तीळ ठेवायला जागा नसते आणि मागचं पार्किंग अर्धं रिकामं असतं. म्हणजे जागा आहे, पण तिथे कोणी जात नाही. का जात नाही, ते स्वतः चालत जाऊन बघा. सावली नाही, दिवे नाहीत, पावसाळ्यात चिखल होतो. हे दुरुस्त करायला नव्या पार्किंगपेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर पार्किंगचाच अभ्यास केला. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, असं ते सांगत. तोच हिशेब इथे लावला, तर गर्दीच्या वेळीही सातातली एक जागा रिकामी मिळाली पाहिजे. तेवढं मिळत असेल, तर तुमच्याकडे टंचाई नाही.

दुचाकी आणि कार एकाच हिशेबात धरणं

कारच्या चौकटीला २.५ बाय ५ मीटर जागा लागते, वळायची वाट धरली तर २३ चौरस मीटरच्या आसपास. दुचाकीला १ बाय २ मीटर पुरतात. एका कारच्या चौकटीत पाच दुचाक्या मावतात, तरी इमारतीजवळची सावलीतली जागा एकटं माणूस घेऊन येणाऱ्या कारला मिळते. हे मला अन्यायाचं वाटतं. दोघांच्या जागा वेगळ्या करा, आणि तेही कठडा घालून. नुसत्या पांढऱ्या पट्ट्याला आपल्याकडे कोणी जुमानत नाही.

बहुमजली पार्किंगची घाई

तळमजल्यावर, अगदी झाडाखालीही जागा दिसत असेल, तर दुचाकीवाला तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. पावसात उतार निसरडा होतो. पाच वाजता सगळे एकदम निघाले की एकाच गेटवर रांग लागते. गाडी लावायला जागा आहे पण बाहेर पडायला वेळ लागतो, अशी तक्रार असेल, तर दोष गेटचा आणि वेळापत्रकाचा आहे. काही विभागांचे तास अर्धा तास मागेपुढे करून बघा. इमारत हा शेवटचा उपाय.

वर्षाचा स्टिकर वाटणं

एकदा वर्षाचे पैसे भरले की माणूस रोज गाडी आणतो, कारण त्या दिवशीचे वेगळे पैसे पडत नाहीत. रोजचं शुल्क घेतलं, तर आठवड्यातले एकदोन दिवस तरी तो बसचा विचार करतो. पण आधी बसची सोय हवी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये पार्किंगचं शुल्क वाढवलं आणि त्याच वेळी यू-पास हा सवलतीचा बसपासही दिला. नुसतं शुल्क वाढवलं तर ते विद्यार्थ्यांच्या खिशावरचं ओझं ठरतं. स्टॅनफर्डला तर सांता क्लारा काउंटीने २००० सालच्या बांधकाम परवान्यातच अट घातली: इमारती वाढवा, पण गर्दीच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वाढता कामा नयेत.

आपल्याकडे बस गेटपर्यंत येते आणि तिथे थांबते. पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा. गेटवर उतरलेल्या मुलीला विभागापर्यंत ठरावीक वेळेची फेरी मिळाली नाही, तर ती स्कूटीच आणणार.

दुसऱ्याकडची बंदी जशीच्या तशी आणणं

आयआयटी मद्रासमध्ये विद्यार्थ्यांना मोटारवाहन ठेवता येत नाही. सायकली आणि आतल्या बस चालतात. तिथली मुलं कॅम्पसवरच राहतात, म्हणून ते जमतं. शहरभरातून मुलं येतात तिथे अशी बंदी घातली, की गाड्या शेजारच्या सोसायट्यांच्या गल्ल्यांत जातात आणि भांडणं सुरू होतात.

सगळ्यांना एकच नियम लावणं

अपंगांसाठी ३.६ मीटर रुंदीची जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी, आणि ती मोकळी ठेवायची जबाबदारी एका सुरक्षारक्षकाकडे नावानिशी द्यावी. संध्याकाळी सहानंतर ग्रंथालयाजवळचं कर्मचाऱ्यांचं पार्किंग विद्यार्थिनींना खुलं करा. तोवर ते बहुतेक रिकामंच झालेलं असतं. नियम मोडणाऱ्याला मात्र सूट नको: चाक अडवणारा जॅमर लावायचाच असेल, तर पोर्चमध्ये उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या गाडीपासून सुरुवात करा. मग विद्यार्थीही नियम मानतात.