मुलाबाळांसह जुनापाणीची शिळावर्तुळे पाहायला कसे जावे

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या वायव्येला, जुनापाणी हे ठिकाण आहे. तेथील माळावर काळ्या दगडांची जी वर्तुळे आहेत, ती अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभारलेली आहेत. अशा वर्तुळांची येथे सुमारे तीनशेची नोंद आहे. विदर्भातील अनेक कुटुंबे सुट्टी मिळाली की दूरच्या लेण्या-किल्ल्यांकडे धाव घेतात आणि घराजवळचा हा ठेवा मात्र पाहायचा राहून जातो. येथे शिखर नाही, मूर्ती नाही, कोरीव खांबही नाहीत, त्यामुळे कसे पाहायचे हे ठरवून गेले नाही तर मुले पाच मिनिटांत कंटाळतात. म्हणून हा लेख.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते आणि त्यात दगड तर दिसत नाहीतच, शिवाय साप-विंचवाचे भय असते. मार्चनंतरच्या उन्हात लहान मुलांना उघड्या माळावर नेणे योग्य नाही. वेळ सकाळची, शक्यतो आठच्या आत पोहोचण्याची ठेवावी. त्यामागचे खरे कारण पुढे, दगडांवरील खळग्यांच्या संदर्भात, येईलच.

सोबत प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी, एक वही, दोन पेन्सिली आणि एक लहान टॉर्च घ्यावी. माळावर पाण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय असेल असे गृहीत धरू नये. पायांत बंद बूट आणि अंगात जाड कापडाची पॅन्ट असावी, कारण हिवाळ्यातले वाळलेले कुसळ मोज्यांतून आरपार जाते आणि मग लेकरू दगडांकडे न पाहता दिवसभर पायच खाजवत बसते. शिदोरीत भाकरी, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि हंगाम असेल तर रस्त्यावर मिळणारी काटोल-कळमेश्वरची संत्री पुरेशी होतात. रोडगे करायचे असतील तर ते गावात किंवा ओळखीच्या शेतात करावेत. वर्तुळांच्या आसपास गोवऱ्या पेटवू नयेत.

माळावर पोहोचल्यावर लगेच चालत सुटू नये. सर्वांनी एका जागी उभे राहून मुलांना फक्त एकच विचारावे, "तुला कोणते दगड एका रांगेत दिसतात?" बरेचसे धोंडे मातीत अर्धे रुतलेले असल्यामुळे पहिल्या नजरेला सगळे विखुरलेलेच वाटते. मग एखादा वाकलेला ओळीचा तुकडा सापडतो, त्याच्या पुढचा दगड गवतात लपलेला असतो, आणि पाहता पाहता गोल पुरा होतो. हा क्षण मुलांना स्वतःलाच मिळू द्यावा. मोठ्यांनी आधीच बोट दाखवून तो हिरावून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यानंतर पंचवीस वर्तुळांवरून धावण्याऐवजी एकच वर्तुळ निवडावे आणि त्याला तासभर द्यावा. प्रथम कडेचे दगड मोजावेत. मग बाहेरच्या बाजूने एकसारखी पावले टाकत फेरी पूर्ण करावी. घेराच्या पावलांना तीनने भागले की व्यास जवळपास कळतो, म्हणजे तीस पावलांचा घेर असेल तर व्यास दहा पावलांचा. पाचवी-सहावीच्या मुलाला हा हिशोब सहज जमतो आणि वहीत आकडा लिहिताना त्याला तो आपला शोध वाटतो. फेरी बाहेरूनच काढण्याचे कारण असे की आतला भाग माती आणि दगडगोट्यांनी भरलेला असून त्याखाली पुरलेल्या वस्तू असतात. ही एखाद्या घरातील माणसांची जागा आहे, हे मुलांना याच वेळी शांतपणे सांगावे. लहान मुले असे सांगणे मोठ्यांपेक्षा लवकर मनावर घेतात.

आता खळगे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे लहान, उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते दिसतच नाहीत. सकाळचे तिरपे ऊन दगडावर घासून गेले की प्रत्येक खळग्याच्या एका काठाला चंद्रकोरीएवढी सावली पडते आणि सबंध ओळ उठून दिसते. ऊन चढले असेल तर एकाने चादर धरून दगडावर सावली करावी आणि दुसऱ्याने टॉर्चचा झोत बाजूने, दगडाला लागून टाकावा. फोटो चांगला यावा म्हणून खडू, हळद-कुंकू किंवा पाणी अजिबात वापरू नये. खळगे मोजून, त्यांची ओळ कोणत्या दिशेने जाते हे वहीत चितारावे. ते कशासाठी कोरले याबद्दल अभ्यासकांमध्ये एकमत नाही, तेव्हा मुलाने काही तर्क मांडला तर तो त्याच्या नावासह वहीत लिहून ठेवावा.

जेवताना, वर्तुळांपासून दूर झाडाखाली बसून, आत काय सापडले ते सांगावे. जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात येथे उत्खनन केले आणि पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी केले. विदर्भातील अशा दफनांत काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळाले आहेत. पारशिवनी तालुक्यातील नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ज्या आजोबांनी गावच्या लोहाराचा भाता ओढलेला पाहिला असेल, त्यांनी येथे बोलावे. नातवंडांना भट्टी त्यांच्याच तोंडून कळेल.

नियमांबाबत घरूनच ठरवून निघावे. दगडावर चढणे, नाव कोरणे, खापराचा तुकडा खिशात टाकणे यांपैकी काहीही करू नये. संरक्षित स्मारकाची हानी केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. खापर हाती आलेच तर पाहून जिथल्या तिथे ठेवावे.

शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या सुट्टीत वही घेऊन नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, जावे. ते १८६३ पासूनचे आहे. माळ आधी आणि संग्रहालय नंतर हाच क्रम ठेवावा, कारण जी माती पायाखाली तुडवली तिच्याखालच्या जगाची ओळख मग काचेमागच्या वस्तूंतून पटते.

आणि आपल्या शेतात किंवा गावाच्या शिवारात असा दगडांचा गोल असेल, तर नांगरताना किंवा बांध घालताना त्याचे धोंडे हलवू नयेत. जागेचा फोटो आणि गट क्रमांक घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला लेखी कळवावे.