टर्मिनल कसं पारखावं: आधी डोळे, मग बोटं

टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडून काम करायचा पडदा आणि कीबोर्ड, निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्याच्यासमोर निदान अर्धा तास बसा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच पडदे छान दिसतात.

सुरुवात पडदा बंद ठेवूनच करा. काळ्या काचेत मागची खिडकी किंवा डोक्यावरचा दिवा स्पष्ट दिसत असेल, तर काम करतानाही तो अक्षरांवर येऊन बसणार. पडदा वळवून, कलवून तो टळतो का, ते तिथेच बघा.

आता पडदा सुरू करा आणि सगळ्या ओळी एकाच कॅपिटल अक्षराने भरून टाका. मध्यभाग रेखीव आणि कोपरे पुसट, हा जुन्या काचनळीच्या पडद्यांचा नेहमीचा दोष. लुकलुक तपासायची तर नजर पडद्याच्या बाजूला ठेवा. डोळ्यांच्या कडेला ती चटकन जाणवते. ६० सेंटीमीटरवरून वाचताना कॅपिटल अक्षर साधारण साडेतीन मिलिमीटर उंच असावं.

खरी परीक्षा मात्र जुळ्या अक्षरांची. शून्य आणि ओ, एक आणि स्मॉल एल, आठ आणि बी, पाच आणि एस शेजारीशेजारी टाइप करा. क्षणभर जरी अडखळलात, तरी पासवर्डात किंवा हिशेबात कधीतरी चूक होणारच. स्मॉल जी, पी, वाय यांच्या शेपट्या ओळीखाली उतरतात का, तेही पाहा. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलमध्ये सात बाय नऊ ठिपक्यांचं अक्षर होतं आणि शेपट्या नीट उतरत. त्यावर ८० रकान्यांच्या, म्हणजे ८० अक्षरांच्या, २४ ओळी मावत. १३२ रकान्यांचीही सोय होती, पण तेव्हा अक्षरं चिंचोळी होत. रकाने जास्त म्हणजे पडदा चांगला, असं नव्हे.

कीबोर्ड सुटा हवा, यावर माझ्या मते तडजोड नको. एडीएम-३ए या जुन्या टर्मिनलचा कीबोर्ड यंत्राच्या अंगातच होता. पडदा जवळ ओढला की हातही जवळ आले! (त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. व्हीआय या मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये कर्सर आजही त्याच कळांनी हलतो.)

डोळे मिटून एफ आणि जे वरचे उंचवटे बोटांना सापडतात का, पाहा. कळ दाबली गेल्याचं बोटाला कळतं का? मग तुमच्या नेहमीच्या मजकुराचं पानभर भरभर टाइप करा आणि गळालेली अक्षरं मोजा.

शेवटी रोज लागणाऱ्या कळा शोधा. व्हीटी-२२० च्या कीबोर्डावर बाणांच्या कळा सुरेख मांडल्या होत्या, पण एस्केपची वेगळी कळच नव्हती. ते काम एफ-११ कडे. व्हीआयमध्ये टाइप करणं थांबवून आज्ञा द्यायची तर एस्केप लागते, म्हणून ते वापरणाऱ्याला दिवसातून शेकडो वेळा हात उचलून तिथवर न्यावा लागे.