खवय्याला खास जेवायला न्यायचंय? दुपारसाठी वेगळं रेस्टॉरंट असं शोधा

सोहळ्याचं जेवण दुपारी ठेवायचं ठरलं की चांगल्या रेस्टॉरंटांपैकी बरीचशी यादीतून आपोआप बाद होतात. ही गोष्ट बहुतेकांच्या टेबल बुक करताना लक्षात येते आणि तोवर उशीर झालेला असतो. स्वतंत्र मालकाच्या छोट्या रेस्टॉरंटात स्वयंपाकघर तीन-चार जणांवर चालतं. मुख्य शेफ सकाळी बाजार आणि पूर्वतयारीत असतो आणि त्याचं खरं काम रात्री सुरू होतं. दुपारी मग हाताखालची मंडळी छोटा, झटपट उरकणारा मेनू वाढतात. म्हणून नाव, सजावट, फोटो यांच्याआधी एकच चौकशी करा: त्या वारी, त्या वेळी स्वयंपाकघरात कोण असतं आणि पूर्ण मेनू मिळतो का? शनिवार-रविवारी पूर्ण मेनू आणि कामाच्या दिवशी फक्त ठरावीक थाळी किंवा सेट मेनू, असं अनेक ठिकाणी असतं. रेस्टॉरंटच्या आठवड्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस शक्यतो टाळा. त्या दिवशी ताज्या मालाची आवक पूर्ण झालेली नसते.

आता ‘वेगळं’ म्हणजे काय ते ठरवू. वेगळेपण चार तऱ्हांचं असतं. कुठे खाद्यपरंपराच अनोळखी असते, कुठे लाकडाच्या आचेवरचं किंवा आंबवण्यावर उभं असलेलं तंत्र वेगळं असतं, कुठे शेफ ठरवेल तेच जेवायचं असा रिवाज असतो, तर कुठे जागाच निराळी असते. यांपैकी एक निवडा, फार तर दोन. चारही एकत्र आली की उत्सवमूर्ती खूश होते, पण सोबतचे पाच जण पोळीचा तुकडा मोडत बसतात. टेबलावरच्या सगळ्यात बिचकणाऱ्या पाहुण्याला मनापासून खाता येतील असे किमान दोन पदार्थ मेनूत हवेत. शेफच्या समोरचा काउंटर खवय्याला फार आवडतो, पण तो दोघांसाठी, जास्तीत जास्त चौघांसाठी ठीक. एका ओळीत बसलेल्या सहा जणांना एकमेकांशी बोलता येत नाही.

उत्सवमूर्ती स्वतः उत्तम स्वयंपाक करत असेल, तर घरी जमणार नाही असंच काही शोधा: प्रचंड आच लागणारं, दोन दिवस मुरणारं, किंवा घरी ठेवता येत नाही अशा उपकरणावर होणारं. जे ती व्यक्ती घरी उत्कृष्ट करते, त्याची थोडी बरी आवृत्ती बाहेर खाऊ घालण्यात काही हशील नाही.

मेनू वाचायला शिकलात तर निम्मं काम होतं. तीन-चार जणांचं स्वयंपाकघर पंधरा-वीस पदार्थ नीट सांभाळू शकतं. तेवढ्याच माणसांत शंभर पदार्थ असतील, तर बरंचसं आधी शिजवून गोठवलेलं असण्याची शक्यता मोठी. एकच भाजी किंवा एकच मासा दोन-तीन पदार्थांत दिसला तर ते चांगलं लक्षण समजा, कारण तो माल रोज संपतो आणि रोज ताजा येतो. ग्राहकांनी टाकलेले मेनूचे फोटो तारखेनुसार बघा. वर्षभरात एकही पदार्थ बदललेला नसेल, तर एकतर ते ठिकाण दोन-चार पदार्थांसाठीच ओळखलं जातं (हे उत्तमच), नाहीतर तिथे कोणी विचार करणं थांबवलं आहे.

अभिप्रायांमध्ये सरासरी गुणांकडे दुर्लक्ष करा आणि गेल्या सहा महिन्यांतलेच वाचा. शेफ नोकरी बदलतात, मागे जुनं कौतुक तेवढं उरतं. पाचपैकी तीन तारे देणारे लोक सगळ्यात उपयोगाचं लिहितात. ‘वाट पाहावी लागली’, ‘प्रमाण कमी’ या तक्रारी दुपारच्या निवांत जेवणाला फारशा लागू नाहीत. ‘अन्न गार आलं’, ‘मागवलेलं संपलं होतं’, ‘मागच्या वेळी छान, या वेळी खारट’ या मात्र गंभीर घ्या, कारण त्या स्वयंपाकघराची शिस्त सांगतात. रेस्टॉरंटांना मानांकन देणाऱ्या मिशेलिन गाइडचे तारे ताटातल्या अन्नाला दिले जातात, सजावटीला नाही, आणि १९९७पासून त्यांची ‘बिब गुरमाँ’ ही वाजवी दरातल्या चांगल्या जेवणाची वेगळी निवडही आहे. पण ते गाइड सगळीकडे नाही, त्यामुळे त्यात नाव नसणं म्हणजे कमीपणा नव्हे. नुकतंच उघडलेलं ठिकाण पहिले दोन महिने तरी सोडा. तिथे मेनू आणि माणसं, दोन्ही अजून बसलेली नसतात.

यादी दोनवर आली की स्वतः जाऊन या. सोहळ्याचा जो वार आणि जी वेळ, तीच निवडा आणि दोघंच जा. एक अगदी साधा पदार्थ मागवा: सूप, ब्रेड किंवा एखादी भाजी. एक त्यांची खासियत मागवा. साध्या पदार्थात मीठ, आच आणि ताजेपणा लपत नाही. गरम पदार्थाची थाळी हाताला कोमट तरी लागते का ते पाहा, कारण गार थाळीत वाढलेलं अन्न टेबलावर येईपर्यंत उतरतं. वाढणाऱ्याला एखाद्या पदार्थात काय आहे ते विचारा. माहीत नसताना ‘विचारून सांगतो’ म्हणून जो आत जातो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

त्याच फेरीत आवाज मोजा. फोनवरचं मोजणीचं ॲप पुरतं. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. खोलीत ७५च्या वर गेलं की आवाज चढवावा लागतो आणि सहा जणांचं टेबल दोन गटांत फुटतं. शिवाय गोंगाटात गोड आणि खारट चव कमी जाणवते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. कठीण फरशी, काचेच्या भिंती आणि फॉल्स सीलिंग नसलेलं छत एकत्र असेल तर भरलेल्या खोलीची कल्पना करा. टेबलावर माणशी ६० सेंटिमीटर रुंदी हवी. आठ जणांपर्यंत गोल टेबल उत्तम.

फोन करायचा तो दुपारची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळची तयारी सुरू होण्याआधी. बोलणं साधं ठेवा: “अमुक तारखेला दुपारी साडेबारा, सहा जण. वाढदिवस आहे आणि ज्यांचा आहे त्यांना खाण्याची फार आवड आहे. शेफना मनापासून काही खाऊ घालायचं असेल तर आम्ही तयार आहोत. एकांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे.” लगेच विचारा: शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, टेबल किती वेळ आमचं, आगाऊ रक्कम आणि रद्द करण्याचे नियम काय, सेवाशुल्क वेगळं लागतं का? दीड तासात टेबल सोडायचं असेल तर ते ठिकाण या कामाचं नाही. शेफच्या पसंतीच्या सात-आठ पदार्थांच्या जेवणाला अडीच ते तीन तास लागतात.

ॲलर्जी आणि नावड वेगवेगळ्या सांगा. दोन्हींची एकच लांब यादी दिली की स्वयंपाकघर दोन्ही सारख्याच हलक्यात घेतं. तळणीचं तेल एकच आहे का, सॉसचा पाया काय, हे विचारा आणि ठरलेलं सगळं संदेशात लिहून पाठवा.

मोठ्या टेबलावर सगळ्यात जास्त बिघडतं ते ऑर्डरमध्ये. सात जणांनी सात वेगळे मुख्य पदार्थ मागवले की चार शेगड्यांच्या स्वयंपाकघरात ते एकाच वेळी तयार होऊच शकत नाहीत. पहिले दोन गार होतात, शेवटचे दोन घाईत उतरतात. मुख्य पदार्थ तीनच ठेवा, किंवा सगळं मधोमध ठेवून वाटून खा. वाटून खाताना जितकी माणसं, त्याहून दोन पदार्थ जास्त मागवा. सगळं आधीच ठरवून टाकू नका मात्र. खवय्याला मेनू वाचण्यात मोठा आनंद असतो, म्हणून एक फेरी तरी त्याच्या निवडीसाठी मोकळी सोडा. केक बाहेरून आणण्यापेक्षा त्यांच्याच गोड पदार्थावर मेणबत्ती लावायला सांगा.

दोन दिवस आधी पुन्हा फोन करून वेळ, माणसं, ॲलर्जी पक्की करा. छोटी ठिकाणं शेफ आजारी पडला तरी बंद राहतात, त्यामुळे दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणचा नंबर हाताशी असू द्या. त्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा, स्वयंपाकघराच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांबची खुर्ची उत्सवमूर्तीसाठी ठेवा आणि बिल तुमच्याकडेच येईल हे वाढणाऱ्याला तेव्हाच सांगून टाका.