शाळेत गेम खेळवायचाय? मग आधी हे बघा

मराठवाड्यातल्या झेडपीच्या शाळेत गेम चालवायचा म्हणजे तीन-चार कम्प्युटर, त्यातला एखादा बंद, लाईटचा भरवसा नाही अन् लेकरं पस्तीस-चाळीस, हे धरूनच सांगतो.

गेम निवडताना एकच बघायचं, जिंकायला तो विषय यावाच लागतो का? टकाटका कुठंबी क्लिक करून जिंकता येत असेल तर तो गेम डिलीट करा, कितीबी भारी दिसू द्या. टक्समॅथ नावाच्या गणिताच्या गेममधी वरून गणितं घेऊन धूमकेतू पडतात, उत्तर टाईप केलं तरच फुटतात, तिथं तुक्का चालत नाही. दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली लेकरं परत येतात तवा त्यांचे पाढे मागं पडलेले असतात, त्यांना ह्यात आपापल्या लेव्हलवरून सुरू करता येतं, वर्गात उभं राहून लाजायचं काम नाही. दहा वर्षांच्या आतल्या पोरांसाठी जीकॉम्प्री घ्या, त्यात बारक्या-बारक्या शिकायच्या गेमचा अख्खा संच आहे. दोन्ही फुकट, नेट लागत नाही, घरून पेनड्राईव्हवर आणायचे.

सहावीच्या पुढं मात्र फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग. नोबेलवाले कार्ल वीमन यांनी 2002 ला अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात हे सुरू केलं, बरीच मराठीतबी आहेत, फाईल उतरवून ठेवली की नेटशिवाय ब्राउझरमधी उघडते. याला गेम म्हणा नाहीतर नका म्हणू, लेकरं खेळतातच. त्यातलं सर्किटवालं घ्या. बॅटरी, बल्ब, वायर जोडायची, पण त्याच्याआधी वहीत लिहून घ्या की दोन बल्ब एकापुढं एक लावले तर उजेड वाढंल का कमी होईल, नुसतं तोंडी विचारलं तर नंतर सगळेच म्हणतात मला माहीतच होतं सर. नुसती वायर बॅटरीच्या दोन टोकाला जोडली की स्क्रीनवर बॅटरी पेटते, अन् मग सगळ्यांना तेच करायचं असतं. करू द्या. पाच मिनिटांनी थांबवा अन् विचारा काहून पेटली? गावातली डीपी जळालेली सगळ्यांनी बघितलेली असते, करंट जास्त झाला की काय होतं ते तिथून काढून घ्या, खरा तास हाच. पण घरच्या लाईटवर हे करायचं नाही, ते दम देऊनच सांगा.

एका वेळी एका मशीनवर चारच जण, उरलेल्या लेकरांची पाळी नंतर; माऊस एकाच्या हातात, काय करायचं ते बाकीच्या तिघांनी सांगायचं, अन् दर पाच मिनिटाला हात बदलायचा म्हणजे बदलायचाच, नाहीतर घरी मोबाईल असलेला एखादा गडी अख्खा तास माऊस सोडत नाही अन् पोरी मागं उभ्या.

पालक बोंबलतीलच, शाळेत गेम खेळवता म्हणून. पालक सभेत त्यांनाच टक्समॅथवर बसवा, सतराचा पाढा लावून.