एक कॅरटच्या मोहात या चुका टाळा

दोन गोल हिरे शेजारीशेजारी ठेवा. एक ०.९० कॅरटचा, दुसरा १.०० कॅरटचा. गेज लावलं तर दोघांचाही व्यास ६.२ मिलिमीटर. मग दुसऱ्यातले जास्तीचे १० सेंट (म्हणजे ०.१० कॅरट) गेले कुठे? तो चिमट्यात आडवा धरून भिंगातून बघितला की कळतं. कंबर, म्हणजे मधली सगळ्यात रुंद कड, जाड आहे आणि पोट, म्हणजे तिच्याखालचा निमुळता भाग, खोल. पहिल्याची उंची ३.८ मिलिमीटर आहे, याची ४.२. कोंदणात बसल्यावर हे जास्तीचं वजन कुणालाच दिसणार नाही, पण पैसे त्याचेही मोजावे लागतील.

हे पैलू पाडणाऱ्याच्या हातून चुकून झालेलं नसतं. त्याने आकडेमोड करून तसं केलेलं असतं, आणि ती आकडेमोड ठाऊक नसल्यामुळेच घेणारा फसतो.

चूक: कॅरट म्हणजे आकार समजणं

कॅरट हे वजन आहे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. (सोन्याचा २२ किंवा १८ कॅरट हा शुद्धतेचा हिशेब, त्याचा इथे संबंध नाही.) वजन लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही अंगांनी वाढतं, डोळ्याला मात्र वरचा पृष्ठभाग तेवढा दिसतो. म्हणून नीट कापलेला १ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा असतो, तर २ कॅरटचा जेमतेम ८.२ चा. वजन दुप्पट झालं तरी रुंदी पावपटीनेच वाढते. ‘दोन कॅरट’ म्हटल्यावर मनात जो टपोरा खडा उभा राहतो, तो प्रत्यक्षात हातात आला की बरेच जण जरा हिरमुसतात.

तेव्हा हिऱ्यासोबत मिळणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात कॅरटच्या आकड्यावर न थांबता त्याखालची मिलिमीटरमधली मापं वाचा.

चूक: किंमत वजनाच्या प्रमाणात चढते असं धरणं

हिऱ्याचा भाव प्रति कॅरट असतो आणि तो दरच वजनाच्या टप्प्यांवर बदलतो. १९७८ पासून निघणारी रॅपपोर्टची दरयादी व्यापारात आधाराला घेतात. तिच्यात ०.९० ते ०.९९ हा एक गट आहे, १.०० पासून दुसरा सुरू होतो. अर्धा, पाऊण, एक, दीड, दोन अशा आकड्यांजवळ दर उडी घेतो. मोठे कच्चे खडे दुर्मिळ असतात हे एक कारण, आणि गिऱ्हाइकाला पूर्ण आकडा हवा असतो हे दुसरं. माझ्या मते हे दुसरं कारण लोक समजतात त्यापेक्षा बरंच मोठं आहे.

समजा, खालच्या गटाचा दर कॅरटला १०० आहे आणि वरच्याचा १२०. ०.९७ चा हिरा ९७ ला पडेल, १.०० चा १२० ला. वजनात फरक ३ टक्के, किमतीत जवळपास २४. आणि दोन्ही सारखेच नीट कापलेले असतील, तर हा ३ टक्क्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना ओळखू येणं अशक्यच.

आता याच आकड्यांनिशी पैलू पाडणाऱ्याच्या खुर्चीत बसा. समोरच्या कच्च्या खड्यातून अचूक प्रमाणात कापला तर ०.९४ चा हिरा निघतो. कंबर जाड ठेवली, पोट खोल सोडलं तर १.०१ चा. पहिल्याचे ९४ मिळतील. दुसऱ्याचे १२१, पण कट (कापणीचा दर्जा) वाईट म्हणून १५ टक्के वजा केले तरी १०३ उरतात. गोल ब्रिलियंट, म्हणजे नेहमीचा गोल हिरा, काढताना कच्च्या खड्याचं निम्म्याहून अधिक वजन बहुधा भुकटीत जातं. इतकं गमावल्यावर हातातले सात सेंट सोडायला तो सहजासहजी तयार होत नाही. हल्ली खडा स्कॅन करून संगणकावर असे कितीतरी पर्याय आधी मांडून पाहतात. अंतिम निवड मात्र याच वजाबाकीवर ठरते.

कधीकधी वजन जाणूनबुजून सोडलंही जातं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर बघून लोकांचा विरस झाला, कारण त्याला म्हणावी तशी चमकच नव्हती. पुढच्या वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले आणि आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटवर आला. एवढं वजन सोडायला मालक राजघराणंच हवं!

चूक: खोलीकडे दुर्लक्ष करणं

हिऱ्याच्या आत प्रकाशाची तिरीप पैलूवर २४.४ अंशांहून जास्त तिरकी आदळली तर बाहेर न निसटता परत फिरते. पोटाचे पैलू ४१ अंशांच्या आसपास असले की ती एका बाजूवर आपटून दुसरीवर जाते आणि वरून डोळ्यात येते. वजन राखायला पोट जास्त खोल ठेवलं की दुसऱ्या धडकेला प्रकाश खालून गळतो आणि मधोमध काळसर डाग दिसतो. उलट, रुंद दिसावा म्हणून खडा फार उथळ कापला तर कंबरेचं करडं प्रतिबिंब कड्यासारखं आत उमटतं. म्हणजे व्यास मोठा आहे म्हणून भुलणं हीसुद्धा चूकच.

गोल हिऱ्याची उंची व्यासाच्या साधारण ५९ ते ६२.५ टक्के असावी. सुरुवातीच्या जोडीतला पहिला हिरा ६१ च्या वर आहे, दुसरा ६८ च्या जवळ. हा आकडा अहवालात छापलेला असतो. कंबरेपुढे ‘जाड’ किंवा ‘फार जाड’ असं लिहिलेलं असेल तर वजन तिथेही मुरलेलं आहे.

चूक: काठावरचा हिरा घेणं

बरोब्बर १.०० चा हट्ट धरणाऱ्यांनी एक विचार करावा. ओळखीतल्या एकीच्या अंगठीतला १.०० चा हिरा कशावर तरी आपटला आणि कंबरेचा टवका उडाला. पुन्हा पॉलिश करून खडा स्वच्छ झाला, पण वजन भरलं ०.९७. दिसायला काहीच फरक नाही, पण तो खालच्या गटात गेला.

प्रयोगशाळाही या काठावर कडक असतात. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था वजन पाच दशांश स्थळांपर्यंत मोजते आणि दोनपर्यंत छापते. तिसऱ्या जागी ९ असेल तरच आकडा वर जातो. त्यामुळे ०.९९८ चा हिरा कागदावर ०.९९ च राहतो.

मला विचाराल तर चांगल्या कटचा ०.९२ ते ०.९८ मधला खडा शोधावा. फक्त तो सहज सापडत नाही, कारण वर सांगितलेल्या वजाबाकीमुळे तसे हिरे मुळात कमीच कापले जातात.

आणखी दोन, थोडक्यात

दागिन्यावरचं ‘एकूण वजन १ कॅरट’ म्हणजे एक कॅरटचा हिरा नव्हे. दहा सेंटचे दहा खडे मिळूनही १ कॅरटच होतो आणि त्याची किंमत एका अखंड खड्याच्या जवळपासही जात नाही.

आणि वेगवेगळे आकार नुसत्या वजनावर तोलू नका. १ कॅरटचा ओव्हल साधारण ७.७ बाय ५.७ मिलिमीटर भरतो, चौकोनी प्रिन्सेस ५.५ चा. कच्च्या खड्यातून प्रिन्सेस काढताना गोल हिऱ्याच्या मानाने वजन कमी वाया जातं, म्हणून तो कॅरटमागे स्वस्तही पडतो. फॅन्सी, म्हणजे गोल सोडून बाकीच्या, आकारांच्या अहवालात कटची श्रेणी पुष्कळदा नसते, तेव्हा तिथे मापं, खोली आणि स्वतःचे डोळे यांवरच भिस्त ठेवावी लागते.