टीएची भरती: नागपूरच्या उमेदवारानं तयारी कुठून सुरू करावी

प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए; गरजेपुरती बोलावली जाणारी सेना) भरतीची कुणकुण लागली की पोरं आधी मैदान गाठतात. रेशीमबाग असो की मानकापूर, पहाटे पाचला धावणं सुरू. धावणं लागतंच, पण ते तिसऱ्या नंबरावर. आधी शरीराची तपासणी, मग कागद, मग मैदान. दम दोन-तीन महिन्यांत तयार होतो. आधारवरचं नाव दुरुस्त होणं किंवा ऑपरेशनची जखम भरणं आपल्या हातात नसतं, आणि जाहिरात निघाल्यावर तेवढे दिवस मिळत नाहीत.

जवान (जनरल ड्युटी) पदासाठी वय १८ ते ४२, दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. उंची १६० सेंटीमीटर, वजन ५० किलो, छाती ७७ आणि फुगवून ८२. या पाच सेंटीमीटरवर बरेच जण अडकतात, कारण श्वास छातीत न भरता पोटात भरतात. शिंप्याची टेप काखेखालून घ्या, पूर्ण श्वास सोडून माप घ्या, मग बरगड्या बाहेर ढकलत श्वास भरा. रोज वीस वेळा केलं तर महिनाभरात फरक दिसतो.

आता डॉक्टर. पाय जुळवून सरळ उभे राहा. गुडघे एकमेकांना टेकले आणि घोट्यांच्या आतल्या बाजूंमध्ये ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त फट राहिली, तर नॉक नी म्हणून बाद. ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटवून बघा. पूर्ण सपाट उमटला तरी लगेच घाबरू नका. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिल्यावर तळव्याला कमान येत असेल तर बहुधा अडचण येत नाही, कमान येतच नसेल तर येते. कानातला मळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून भरतीच्या दोन-तीन आठवडे आधी काढून घ्या. पडदाच दिसला नाही तर तपासणारा पुढे जात नाही. हायड्रोसिल (अंडकोषाभोवती पाणी साचणं), मूळव्याध, पायांच्या फुगलेल्या शिरा, रंगांधळेपणा हे सगळं आधी कळलेलं बरं. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, इतरत्र नाही. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सूट आहे, पण तिचा दाखला सोबत लागतो.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. विदर्भात हे स्पष्ट सांगायलाच हवं. दंततपासणीत किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे शाबूत दातांचे गुण, लागतात, आणि खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी आखडली की तोंडच पुरतं उघडत नाही. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जात नसतील तर आजच दंतवैद्याकडे जा आणि आजच खर्रा सोडा. आखडलेली कातडी पूर्ववत होणं अवघड असतं, म्हणून सुरुवातीलाच थांबायचं.

कागदांत सगळ्यात मोठा घोळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव; आधारवर नाव आधी. नुसता क्रम उलटा असेल तर प्रश्न सहसा सुटतो, पण स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे एकच अक्षर असेल, किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर अडवतात. दहावीचा कागद प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक पासबुक त्याच्याशी जुळवा. उलटं करू नका. बोर्डाची दुरुस्ती सगळ्यात वेळखाऊ. अधिवास आणि जातीचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर तिथे गर्दी उसळते, म्हणून त्याआधीच अर्ज टाका. चारित्र्याचा दाखला मात्र लवकर काढून ठेवू नका, तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. प्रतिज्ञापत्राचा मजकूर जाहिरातीतच छापलेला असतो; तो शब्दशः टाइप करून नोटरी करा. मूळ कागद, साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच आणि एकाच दिवशी काढलेले, फिक्या पार्श्वभूमीचे वीस फोटो एका फाइलमध्ये ठेवा.

मैदानावर मुख्य मामला १६०० मीटरचा. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण; त्याखालच्या गटांच्या वेळा त्या-त्या जाहिरातीत पाहा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. पण तयारी ५ मिनिटं १५ सेकंदांची करा. भरतीत मोठी बॅच एकदम सुटते आणि आतली लेन सगळ्यांना मिळत नाही. एक लेन बाहेरून धावलात तर फेरीमागे साडेसात मीटर वाढतात, चार फेऱ्यांत तीस मीटर, म्हणजे सहा सेकंद तिथेच गेले. दुसरी चूक पहिल्या फेरीची: गर्दीच्या जोशात सत्तर सेकंदांत फेरी मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. ७८, ८०, ८०, ७७ असा हिशेब डोक्यात बसवा. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या ७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चाल. दोनदा सहा किलोमीटर सावकाश. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण १६०० मीटर घड्याळ लावून. त्यापेक्षा जास्त केलं की नडगी दुखायला लागते, आणि ती एकदा धरली की तीन आठवडे वाया. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५च्या घरात जातो. सकाळी साडेसहापर्यंत मैदान सोडा. डांबरी रस्ता टाळा, मातीवर धावा.

धावून झाल्यावर लगेच बीम, म्हणजे बारला लटकून पुलअप. दहा मारले तर ४० गुण. हात पूर्ण सरळ, हनुवटी बारच्या वर, झोका नाही. अर्धवट मारलेला धरत नाहीत. ज्यांना तीन-चारच जमतात त्यांनी स्टुलावरून वर चढून पाच सेकंद मोजत खाली यावं, पाच-पाचचे चार सेट. थकलेल्या हातांनी दहा निघाले पाहिजेत, म्हणून सराव धावल्यानंतरच करा.

नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी मारायला गुण नाहीत, पण पडलात तर बाहेर. मातीवर दोन रेषा आखून साडेदहा फूट मारायची सवय करा. पडणारे बहुतेक जण खड्ड्याकडे बघतात आणि शेवटची पावलं आखडतात. नजर पलीकडच्या काठाच्याही पुढे ठेवा. झिगझॅग बॅलन्सला, म्हणजे नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालायला, घाई नको, फुटपाथच्या कडेवर चालून सराव पुरतो.

टीएच्या काही पायदळ बटालियन महाराष्ट्रात भुसावळ (११८ क्रमांकाची, ग्रेनेडियर्स रेजिमेंटची), पुणे (१०१, मराठा लाइट इन्फंट्री) आणि कोल्हापूर (१०९, मराठा लाइट इन्फंट्री) इथे आहेत. नागपूरवरून जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तिन्ही गावांवरून जाते. जाहिरातीत राज्य आणि जिल्ह्याप्रमाणे दिवस ठरलेला असतो. दुसऱ्या दिवशी घेत नाहीत. एक दिवस आधी पोहोचा, स्टेशनवर रात्र काढून पहाटे धावू नका. भरतीला फी नाही. पैसे मागणारा माणूस दलाल समजा.

निवड झाली तरी हातची नोकरी सोडू नका. टीएची नोकरी कायमची नाही: बोलावलं असेल तितकाच काळ पगार, गरज संपली की घरी. जवानाला निवृत्तिवेतन मिळायला अशी बोलावलेली सेवा मिळून १५ वर्षं भरावी लागते. नोकरी करणाऱ्याला १९४८च्या प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७-अ संरक्षण देतं: सेवेवरून परतल्यावर मालकानं त्याला पुन्हा कामावर घ्यायचं असतं. त्यासाठी बोलावणं आल्या दिवशी त्याची प्रत कंपनीला लेखी द्या आणि पोचीवर तारखेसह शिक्का घ्या.