चाकू कपाटात का गंजतात? घडीच्या चाकूंचा संग्रह करताना या चुका टाळा

माझ्या संग्रहातला पहिला चाकू मी एकदाही न वापरता वाया घालवला. कार्बन स्टीलचं पातं, लाकडी मूठ, वर हौसेने वेगळं घेतलेलं चामड्याचं म्यान. इतका जीव होता त्याच्यावर की साधा पेरूसुद्धा कापला नाही. तेलाने माखला, म्यानात घातला, कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि डोंबिवलीचा अख्खा पावसाळा जाऊ दिला. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढला तर पात्यावर तांबूस ठिपके, आणि सांध्यात असं काही चिकटलेलं की उघडताना नख मोडलं. त्याच्याच शेजारी पाटावर स्वयंपाकघरातला भाजीचा चाकू मांडला होता. तो रोज धुतला-पुसला जाणारा. लख्ख!

तेव्हापासून पाहतोय, हौशी माणसाचे चाकू वापराने क्वचितच बिघडतात. ते बिघडतात कौतुकाने.

पहिला गुन्हेगार म्यान. चामडं हवेतला ओलावा शोषतं आणि धरून ठेवतं. शिवाय ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात थोडेफार उरलेले असतात. त्यामुळे पोलादाला गंज चढतो आणि पितळी भाग कळकतात. कडेला हिरवट मेणासारखा थर दिसला तर तो हा कळकच. म्यान फेकू नका, पण चाकू आणि म्यान शेजारी शेजारी ठेवा, एकात एक नको. कोकणपट्टीत राहत असाल तर घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणारं सिलिका जेल एवढं पुरतं. रंग बदलला की जेल मंद आचेच्या ओव्हनमध्ये तापवायचं, पुन्हा कामाला लागतं.

दुसरा गुन्हेगार तेल. आपल्याकडे हाताशी असतं खोबरेल. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे नाशिक-पुण्याच्या थंडीत चाकूच्या सांध्यात अक्षरशः लोणी बसतं. गोडं तेल, मोहरीचं, जवसाचं ही हवेने हळूहळू चिकट होत जातात. शिलाई मशीनचं तेल किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. फळं कापायचा चाकू असेल तर पॅराफिनच. मात्रा एक थेंब, सांध्यावर. मग चार-पाच वेळा उघडमीट करून बाहेर आलेलं पुसून टाका. जास्तीचं तेल धूळ धरतं, आणि तेलात कालवलेली धूळ म्हणजे घासायची पेस्टच.

सांधा आधीच चिकटला असेल तर पक्कड नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा. मात्र हे धातूच्या किंवा साध्या लाकडी मुठीलाच. प्लास्टिकसारखी दिसणारी जुनी मूठ असेल तर आधी खाली सेल्युलॉइडबद्दल (प्लास्टिकचा जुना प्रकार) लिहिलंय ते वाचा.

पातं गंजानेच नाही, फुगलेल्या लाकडानेही अडकतं. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातल्या ओपिनेल चाकूंची ही जुनी खोड आहे. मूठ बीच लाकडाची. दमट हवेत ती फुगते आणि खाचेत पातं आवळून धरते. तिथली माणसं पातं रोखणारी कडी उघडी आहे ना ते बघून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटतात, की पातं थोडं बाहेर डोकावतं. या आपटण्याला तिथे चक्क स्वतंत्र नाव आहे. आपणही तेच करावं, आणि मग चाकू दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवलात तर मूठ तडकेल. दरवर्षीचंच दुखणं असेल तर खाचेच्या आतल्या बाजूने बारीक पॉलिश पेपर चार वेळा फिरवा.

आता पॉलिश. जुन्या बाजारातून आणलेला काळपट चाकू घरी आल्याबरोबर चकचकीत करावासा वाटतो. हात आवरा. पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, कारखान्याचा ठसा असतो. चाकूचं वय तिथेच कळतं. अमेरिकेच्या केस कंपनीने 1970 पासून ठशाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी करत नेला. सात ठिपके मोजले की 1973 चा चाकू. स्विस सैन्याच्या 1961 च्या ॲल्युमिनियम मुठीच्या मॉडेलवर तर सालाचे आकडेच कोरलेले असतात. बफिंगच्या चाकावर हे ठसे दोन मिनिटांत पुसले जातात. आणि रस्त्यावरच्या सहाणवाल्याकडे धार लावताना पातं तापून निळसर झालं, तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. ते परत येत नाही. लाल गंज खरवडा, पण कार्बन स्टीलवरची करडी-निळी छटा राहू द्या. तो डाग नाही, कातडी आहे.

ठसा वाचता आला तर फसवणूकही टळते. स्विस चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सेनर यांनी आईच्या निधनानंतर 1909 मध्ये तिचं व्हिक्टोरिया हे नाव ब्रँडसाठी घेतलं, आणि त्याला स्टेनलेसचं ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं 1921 मध्ये. तेव्हा ‘व्हिक्टोरिनॉक्स’ असा ठसा दाखवून कोणी पहिल्या महायुद्धातला चाकू विकत असेल तर चहा प्या आणि निघा. ‘लागिओल’ हा नुसता शब्दही काही सिद्ध करत नाही. ते फ्रान्समधल्या एका गावाचं आणि चाकूच्या एका घडणीचं नाव आहे. स्प्रिंगवर माशी कोरलेले तसे चाकू आशियातही ढिगाने बनतात.

संच पूर्ण करायचं खूळ असलं तर आधी माहिती काढा. ओपिनेलचे मूळ आकार 1 ते 12, पण 1 आणि 11 हे नंबर 1930 च्या दशकातच बंद झाले. अकराव्याच्या शोधात दुकानं पालथी घालणारे मी पाहिलेत (आरशात).

मांडणीत सर्वांत महागात पडते ती सेल्युलॉइडची चूक. जुन्या अमेरिकी आणि युरोपीय चाकूंच्या शिंपल्यासारख्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात. हा पदार्थ कुजतो, आणि कुजताना नायट्रोजन ऑक्साइडांची आम्लकारी वाफ सोडतो. शेजारचे, त्याला न टेकलेले चाकूसुद्धा त्या वाफेने गंजतात. कपाट उघडल्यावर कापरासारखा किंवा आंबूस वास, मुठीला बारीक जाळीदार तडे, खिळ्यांभोवती हिरवं काही दिसलं, की तो चाकू त्याच क्षणी वेगळा काढा. वर सांगितलेला घट्ट डबा याला चालत नाही. याला खेळती हवा हवी, आणि आगीपासून लांब, कारण सेल्युलॉइड भसकन पेटतं.

बाकी कपाटाचं थोडक्यात. ओक लाकूड ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतं, लोकरी फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळी पडते, स्वस्त फोम काही वर्षांत चिकट चुरा होतो. धुतलेलं, रंग न दिलेलं सुती कापड बरं. चाकू पूर्ण मिटलेला किंवा पूर्ण उघडा मांडा. अर्धवट उघड्यात स्प्रिंग कायम ताणलेली राहते. काचेला कुलूप हवंच, घरी भाचेकंपनी येते.

राहिला रामपुरी. खटक्याच्या चाकूचा मोह प्रत्येकाला होतो, पण शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती वा शेतीच्या कामाची नसलेली हत्यारं येतात, आणि दिल्लीत खटक्याच्या चाकूंवर याहून कडक मर्यादा आहे. संग्रह दाखवायला मित्राकडे नेतानाही सणासुदीच्या आधी वर्तमानपत्रात येणारे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश बघा. त्यात लाठ्या-भाल्यांच्या यादीत चाकू असतोच. विमानात केबिन बॅगेत नेऊ नका, अगदी किल्लीच्या जुडग्यातला इवलासा स्विस चाकूही. माझा एक असाच विमानतळावरच्या पेटीत राहिला.